पेढा खाल्लेला कॉम्प्युटर

खंडेनवमीच्या दिवशी मी आमच्या नव्या कॉम्प्युटरला पेढा भरवला.

हे वाक्य आज मी शांतपणे लिहू शकतो. तेव्हा, म्हणजे नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हा, ते बायकोसमोर उच्चारण्यापेक्षा मी तुर्भ्याच्या दगडाच्या खाणीत उडी मारली असती. (खाण त्या दिवसांत कोरडी होती, पण तेवढ्यासाठी मी थांबलो नसतो!)

शिरवण्याला एमआयडीसीत आमचा एक गाळा होता. त्यात आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सुरू केलेला लेबलांचा छापखाना. सात कामगार, मी, प्रुफं तपासणारी माझी बायको सुनंदा आणि सणावारी कोपरखैरण्याहून रिक्षाने देखरेखीला येणारी आई, एवढा आमचा पसारा. निम्म्याहून जास्त काम एकाच औषध कंपनीचं, खोकल्याच्या बाटल्यांवरच्या लेबलांचं. लोकांना खोकला झाला की आमच्या घरी समाधान पसरायचं.

त्या कंपनीचे परचेस ऑफिसर घारपुरे. गणपती गेले आणि त्यांचा फोन आला.

"सामंत, दसऱ्यानंतर डिझाइनं सीडीवर येणार. कागद बंद. तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे ना?"

"आहे की!" मी म्हणालो. (नव्हता.)

"आणि चालवायला माणूस?"

"माणूस काय साहेब, डिपार्टमेंट आहे!"

"अरे वा! मग दसऱ्यानंतरच्या सोमवारी मी येतो. माझ्यासमोर सीडी लावून लेबल दाखवा. नाही जमलं तर मला दुसरा प्रेस बघावा लागेल, काय?"

मी हसत "हो हो" म्हटलं आणि फोन ठेवून अॅसिडिटीची गोळी घेतली. घारपुऱ्यांचं काम गेलं तर सातांपैकी चार कामगारांना घरी बसवावं लागलं असतं, आणि ते चारही आप्पांच्या वेळचे. त्यांच्या पोरांच्या बारशाला मी गेलेलो. ते "मालक" म्हणून हाक मारायचे तेव्हा मी अजून मागे वळून आप्पांना शोधायचो.

"आधी माणूस घ्या, मग मशीन," सुनंदा म्हणाली.

"मशीन आलं की माणूस मिळतोच," मी म्हणालो आणि मशीन आणलं.

कॉम्प्युटरसाठी प्लायवूडची केबिन केली. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, असं डीलरने बजावलं होतं. धूळ, धूळ आणि धूळ, हे तीन शत्रू! आईने लगेच क्रोशाचा रुमाल विणून मॉनिटरवर घातला. पंधरा दिवस आम्ही सगळे अनवाणी आत जायचो, त्याच्याकडे बघायचो आणि बाहेर यायचो. हात कोणी लावला नाही.

मग आली खंडेनवमी. आप्पांच्या काळापासून आमचा रिवाज असा की त्या दिवशी सगळी यंत्रं बंद, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचा हार आणि प्रत्येक यंत्राला एकेक पेढा. पायाने चालवायच्या जुन्या ट्रेडलच्या पाटावर एक, कटिंग मशीनच्या टेबलावर एक. नैवेद्य त्या त्या यंत्राच्या अंगावरच ठेवायचा आणि संध्याकाळपर्यंत उचलायचा नाही. आई ताट घेऊन केबिनमध्ये आली आणि थबकली.

"मधू, ह्याला ठेवू कुठे? वर रुमाल आहे. हा डबा उभा. जागाच नाही रे!"

"टेबलावर ठेव."

"टेबल म्हणजे काय मशीन आहे? टेबलाला वेगळा ठेवायचा का मग?"

माझ्या मागे सातही कामगार हात जोडून उभे होते. आपल्याला ह्यातलं काहीतरी कळतं हे दाखवायची ही पहिलीच संधी! मी पुढे झालो, डीलरने दाखवलेल्या दोन बटणांपैकी एकाने मशीन क्षणभर चालू केलं आणि दुसरं दाबलं. सीडीचा ट्रे सुळकन बाहेर आला.

आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अगंबाई! हात पुढे केला की रे त्याने!"

आणि मी काही बोलायच्या आत तिने त्या हातावर पेढा ठेवला.

आता बघा माझी अवस्था. ट्रे उघडा ठेवला तर धूळ जाणार. पेढा उचलला तर आईचा नैवेद्य मोडणार. सातजण बघतायत. सुनंदा बाहेर तोरण बांधतेय, ती कुठल्याही क्षणी आत येणार. घाबरलेला माणूस जे करतो तेच मी केलं. पुन्हा बटण दाबलं.

ट्रे आत निघाला, अर्ध्यावर अडला, घुर्र्र केलं, जोर लावला आणि पेढ्यासकट आत गेला. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. "खाल्ला!" आई म्हणाली आणि तिने कॉम्प्युटरवरून बोटं मोडली.

दसरा कसा गेला मला आठवत नाही. लोक सोनं देत होते, मी घेत होतो. गुरुवारी सकाळी सगळ्यांच्या आधी गाळ्यावर पोचलो आणि मशीन चालू करून ट्रेचं बटण दाबलं. आतून घुर्र, टक! ट्रे ढिम्म. पुन्हा दाबलं. घुर्र, टक! फटीत स्टीलची पट्टी घालून बघितली, तर पट्टीला पेढा लागून आला. मी तो पुरावा खाऊन टाकला.

बरं, मशीन तसं चालू होत होतं. पण गरम झालं की केबिनभर दरवळ सुटायचा.

"इथे वेलचीचा वास येतोय का हो?" सुनंदाने विचारलं.

"नवीन मशीनला येतो."

"वेलचीचा?"

"इम्पोर्टेड आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. संसारात तिने असं बघायची ही तिसरी वेळ, आणि आधीच्या दोन्ही वेळा मी हरलो होतो.

डीलरला बोलावायची सोय नव्हती. आत उपरी वस्तू सापडली की वॉरंटी गेली, असं त्याने पावतीवरच लिहिलं होतं. पण सुनंदाने स्थानिक पेपरात जाहिरात दिली होती, "कॉम्प्युटरची सर्व प्रकारची कामे जाणणारा पाहिजे", आणि शनिवारी मुलाखती होत्या. माझ्या डोक्यात एक भयंकर हुशार कल्पना आली. उमेदवारांची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायची! सीडी चालत नाही, कारण शोधा. जो दुरुस्त करेल त्याला नोकरी, आणि माझी अब्रू शाबूत.

शनिवारी आई मुद्दाम आली. बिल्डिंगमधली पाच लग्नं तिने जमवली होती, त्यामुळे माणसं पारखायचं काम आपलंच अशी तिची समजूत होती.

पहिला उमेदवार टाय लावून आलेला. त्याने दोनदा बटण दाबलं आणि ताठ उभा राहिला.

"सर, मदरबोर्ड गेला."

"नक्की?"

"शंभर टक्के. खोलून दाखवतो." त्याने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

"खोलायचं नाही!" मी इतक्या जोरात ओरडलो की बाहेर ट्रेडल थांबलं.

"न खोलता कसं कळणार, सर?"

"तीच तर परीक्षा आहे!"

तो गेला. दुसऱ्याने व्होल्टेजला दोष दिला आणि सगळ्या गाळ्याचं वायरिंग बदला म्हणाला. तिसरा दुबईला राहून आलेला. त्याने मशीनवर टिचकी मारली, डोळे मिटून आवाज ऐकला आणि जाहीर केलं, "फॉरमॅट मारावा लागेल. सगळं उडवून टाकू."

सगळं उडेल, पेढा मात्र तिथेच राहील, हे एकट्या मला माहीत होतं! तरी मी तिघांपुढेही गंभीरपणे मान हलवत होतो. सुनंदा वहीत लिहीत होती. आई मध्येच म्हणाली, "बिघडलंबिघडलं काही नाही त्याचं. परवा तर प्रसाद घेतलाय त्याने." सुनंदाला वाटलं, ही श्रद्धा बोलतेय. मी आणखी एक गोळी घेतली.

शेवटची उमेदवार वनिता म्हात्रे. शिरवणे गावातली, चालतच आलेली. चपला न सांगता बाहेर काढल्या.

"काय काय येतं?" सुनंदाने विचारलं.

"वाशीला क्लास केलाय कॉम्प्युटरचा. टायपिंग येतं. घरचा टीव्ही मीच बघते. बाबांची होडी हाय खाडीत, तिचं इंजिन पन. जे बंद पडतं ते मी बघते."

"स्वयंपाक?" आईने विचारलं.

"आई!" आम्ही दोघं ओरडलो.

मी तिला मशीनपुढे बसवलं. "सीडी चालत नाही. काय झालंय?"

"म्हाईत नाय," वनिता म्हणाली. "बघावं लागंल."

झालं! सकाळपासून तिघांनी फटाफट उत्तरं दिली आणि ही म्हणे माहीत नाही. मी वहीत फुली मारायला सुनंदाला खूण केली. वनिता मात्र बसून राहिली. तिने बटण दाबलं नाही, टिचकी मारली नाही. नुसती बघत होती. मग खाली वाकली. टेबलाच्या पायापासून तिची नजर हळूहळू वर सरकत गेली.

"साहेब, मुंग्या हायत."

"कुठे?" माझा आवाज फाटला.

"रांगच हाय. खालून येतात नि हितनं आत जातात." तिने ट्रेच्या फटीला नाक लावलं. "तूप. नि वेलची."

सुनंदाने वही मिटली.

वनिताने बांगडीला लटकवलेली सेफ्टी पिन काढली आणि दातांनी सरळ केली. ट्रेखाली एक बारीक भोक होतं. (पंधरा दिवस मशीनकडे बघत होतो, ते भोक मला कधी दिसलं नाही!) त्यात पिन घालून तिने हलकेच दाबली. खट्! ट्रे बोटभर पुढे आला, बाकीचा तिने हाताने ओढला. त्यावर भाकरीसारखा थापलेला पेढा होता, आणि पेढ्यावर शिरवण्याच्या समस्त मुंग्या.

आईच्या तोंडून निघालं, "अग्गोबाई! नैवेद्य परत केला!"

"हा कोनी ठेवला?" वनिताने विचारलं.

"कुणीतरी... गडबडीत... म्हणजे पूजेच्या वेळी..." मी छताकडे बघत म्हणालो.

"मी ठेवला," आई ठणकावून म्हणाली. "पण मी फक्त हातावर ठेवला हो! आत ह्याने घातला. बटण दाबून!"

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. (ते चौथं बघणं.) मला वाटलं, आता ही दोनच दिवस उरलेत म्हणून भांडेल, कामगारांची नावं घेईल, आणि तिचं बरोबरच असेल. मी स्टुलावर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. डिपार्टमेंटची थाप, पट्टी, इम्पोर्टेड वास, सगळं.

"पुसून होईल का गं, सोमवारपर्यंत?" सुनंदाने माझ्याऐवजी वनिताला विचारलं.

"पुसते. चाललं तर चाललं, खोटं कशाला सांगू? मऊ कापूस द्या नि स्पिरिट. रॉकेल नको." (मी तेवढ्यात उचललेला रॉकेलचा डबा गुपचूप खाली ठेवला.) "पन साहेब, आधी एक सांगा. आनखी काय काय घातलंय?"

मी मान खाली घातली. "फ्लॉपीच्या फटीत... अक्षता. पाचच दाणे असतील."

"काय बाय देवपूजा!" वनिता म्हणाली आणि बाही वर सारून कामाला लागली. सुनंदाने तिथेच तिला कधीपासून येतेस म्हणून विचारलं. माझं मत कोणी घेतलं नाही.

सोमवारी घारपुरे आले. चपला काढून केबिनमध्ये शिरले, आजूबाजूला बघितलं आणि म्हणाले, "डिपार्टमेंट कुठेय?"

"मीच," वनिता म्हणाली.

त्यांनी सीडी दिली. ट्रे आत गेला. घुर्र झालं आणि मी खिशातली गोळी चाचपली. दाराशी चारही जुने कामगार उभे होते. त्यांना काय पणाला लागलंय ते मी सांगितलं नव्हतं, पण त्यांना ते केव्हाच कळलं होतं. कॉम्प्युटर बराच वेळ विचार करत बसला. मग पडद्यावर वरून खाली, रेघ रेघ करत, खोकल्याच्या औषधाचं लेबल उतरलं. इतकं सुंदर लेबल मी जन्मात पाहिलं नाही. मला रडू येत होतं आणि मी ते खोकल्यावर खपवलं.

"औषध घ्या," घारपुरे म्हणाले. काम आमच्याकडेच राहिलं.

आनंदाच्या भरात आईने पर्समधून पेढ्यांचा बॉक्स काढला. नेमकी तेव्हाच वनिताने सीडी काढायला ट्रे उघडला होता. मी, देवाशपथ, पेढा फक्त तिच्यापुढे धरणार होतो. पण माझा हात ट्रेच्या दिशेने वळताच तिने तळहाताने ट्रे झाकला.

"साहेब, तुमी बाहेर जाऊन खावा."

वनिता अजून आमच्याकडेच आहे. आता खरंच डिपार्टमेंट आहे, तिच्या हाताखाली तिघं आहेत आणि मुलाखती तीच घेते. पहिल्याच दिवशी नव्या माणसाला ती गाळाभर फिरवते. सर्व्हर दाखवते, प्रिंटर दाखवते, आणि शेवटी माझ्या टेबलासमोर आणून उभं करते.

"हे आपले साहेब," ती सांगते. "मशीन बंद पडलं ना, की खोलायच्या आधी ह्यांना विचारायचं, काय घातलंत म्हणून."