तारलेल्यांच्या फाटकाबाहेर

आयचं मयत घेऊन आमचा टेम्पो उदगीरच्या कबरस्तानाच्या फाटकाशी उभा होता. फाटकाला कुलूप. किल्ली साहेबांच्या खिशात. साहेब म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी. चर्चचा सगळा कारभार त्यांच्या हातात. बँकेतून रिटायर झालेले, इस्त्रीच्या कपड्यातले. त्यांनी टेम्पोत डोकावूनही बघितलं नाही.

मला म्हणाले, “तुझी आई देवाला मानायची, हे खरंय. पण मानणं वेगळं आणि तारणारा विश्वास वेगळा. आत तारलेली माणसं झोपली आहेत.”

चर्चचे पाळक, म्हणजे पाद्री, बाजूला उभे होते. चपलेनं माती उकरत.

आय त्याच चर्चमध्ये झाडू मारायची. मी लहान होते तेव्हापासून. आमच्या मांगवाड्यातून पायी यायची. मरीआईच्या जत्रेत तिनं नारळ फोडला नाही म्हणून चुलत्यानं तिचा हात पिरगाळला. तो हात पुढं कधी सरळ झाला नाही. त्याच वाकड्या हातानं ती बाकडी पुसायची.

बाप्तिस्मा तिला मिळाला नाही. त्याआधी साहेब परीक्षा घ्यायचे. विश्वासाची कलमं पाठ म्हणून दाखवायची. आयला अक्षर येत नव्हतं. शेतात खुरपून आलेली बाई. साहेबांपुढं उभी राहिली की जीभ अडकायची. मागं बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. साहेब म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. असं वर्षानुवर्षं.

मी शाळेत जायचे. मला सगळं पाठ होतं. घडाघडा म्हणून दाखवलं. साहेबांनी पाठ थोपटली. मला बाप्तिस्मा मिळाला. येशूविषयी मला सगळी माहिती होती. आयनं मात्र आपला सगळा भार त्याच्यावर टाकला होता. भाकरी थापता थापता ती त्याच्याशी बोलायची, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशी.

रविवारी साहेब शिकवायचे, देव आहे हे तर सैतानालाही मान्य आहे, तेवढ्यानं तारण होत नाही. आय दाराशी, चपलांजवळ बसून ऐकायची. ते तिच्या मनात रुतून बसलं. घरी येताना विचारायची, “माझं कोन्तं गं? मानणं का तारणारं?”

मी म्हणायचे, मला काय माहीत.

ती लातूरच्या दवाखान्यात गेली. मी लातुरातच एका मेसमध्ये पोळ्या लाटते, क्लासला आलेल्या पोरांसाठी. काम उरकून तिच्याजवळ जाऊन बसायचे. शेवटी तिला बोलताना दम लागायचा. तरी तेच.

“माझं नुसतं मानणंच हाय का गं? मंग मी कुटं जाईन?”

तुझं खरं हाय आय, मी म्हणाले. तिनं नाही म्हणून मान हलवली. साहेबांनी सांगितल्याशिवाय तिला पटणार नव्हतं. जीव गेला तेव्हाही तिचे डोळे भेदरलेलेच होते.

फाटक उघडलं नाही. टेम्पो गावाकडं वळवला. चुलता ओट्यावर बसला होता. म्हणाला, “देव सोडला तवा आमाला इचारलं व्हतं का? मसणात जागा न्हाई.”

एका देवाच्या माणसांना ती कमी पडली. दुसऱ्या देवाच्या माणसांना ती फितूर वाटली. मधे टेम्पोत ती. ऊन चढत होतं.

गायरानाच्या कडेला मी आणि नवऱ्यानं खड्डा खणला. खाली मुरूम लागला. दफनाची प्रार्थना मला तोंडपाठ. पण एक शब्द बाहेर पडला नाही. पुढं तिथं जेसीबी फिरला, सरपंचानं शेडसाठी जागा सपाट केली. आता आय नेमकी कुठं आहे, ते मला दाखवता येत नाही.

नंतर पाळकांचा निरोप आला, झालं गेलं सोड, प्रभुभोजनाला ये. मी गेले. का गेले, सांगता येत नाही. साहेब भाकरीची थाळी घेऊन रांगेतून येत होते. माझ्यापुढं थांबले. हसले. माझा बाप्तिस्मा झालेला ना. ती भाकरी बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळते; माझा हक्क होता.

मी हात पुढं केला नाही.

साहेब हळूच म्हणाले, घे.

“न्हाई,” मी म्हणाले. “मला पाठ होतं म्हनून मला देऊन राहिलात. तिला पाठ नव्हतं म्हनून तिला बाहेर ठेवलं. मला नको.”

सगळं चर्च वळून बघत होतं. साहेबांचा चेहरा उतरला. “तू तारण नाकारतेस, कळतंय का तुला?”

“हाव. कळतंय.”

आणि मी बाहेर आले.

बायका म्हणतात, दुःखात बोलली, येईल परत. मी दुःखात बोलले नाही. आय ज्याच्याशी बोलायची तो ऐकतो की नाही, मला ठाऊक नाही. तिच्यासारखा भरवसा मला कधी आलाच नाही, आणि साहेबांचं पाठांतर आता माझ्या तोंडून निघणार नाही. एवढंच ठरलंय. जिथं माझ्या आयला आत घेतलं नाही, तिथं मी जाणार नाही. त्या कबरस्तानात नाही. त्यांच्या स्वर्गातही नाही.