अकरा चित्रं

रोजची वही मी देवापुढे बसून लिहिते. या नवरात्रातली नऊ पानं परत वाचली तर आठ पानांवर दोनच गोष्टी आहेत: दिवा जळतो आहे आणि चारुताचं मशीन चालू आहे. नवव्या पानावर नुसता दिवा उरला.

चारुता माझी नणंद. समुद्रपूरच्या एका शाळेत सात वर्षं चित्रकला शिकवायची, कंत्राटावर. कंत्राट संपलं त्या दिवशी मुली फाटकापर्यंत रडत आल्या, आणि ही घरी येऊन म्हणते, "वहिनी, भूक लागली. काय हाय?" अशी बाई. लग्न केलं नाही. कुणी विषय काढला की म्हणायची, "मले दुसऱ्याच्या घरचा चहा गोड लागत नाई." शाळा सुटल्यावर तिनं जुना कॉम्प्युटर आणला आणि हलणारी चित्रं करायला लागली. बारशाची, लग्नाची, कुणाच्या दुकानाची. आणि मग कमलाची.

कमला आमच्याकडे भांडी घासायची, हंगामात कापसाची सरकी काढायच्या जिनिंगमध्ये जायची. चार वर्षांपूर्वी तिचा पदर मशीनच्या पट्ट्यात गेला. तिनं तो हातानं ओढला. उजवा हात कोपरापासून गेला. जिनिंगवाले हिरालालशेठ माणूस वाईट नाहीत; दवाखान्याचा खर्च त्यांनीच केला, आता फाटकावर बसायचं काम दिलं आहे. पण दर दसऱ्याला, हंगामाच्या मुहूर्ताआधी, नव्या बायांना रांगेत उभं करून ते म्हणतात, "कमलाबाई, दाखवा." आणि कमला बाही वर करते. तीन दसरे झाले. त्या दिवशी सणाचं ताट मी तिच्या घरी पाठवते, ते तसंच परत येतं.

श्रावणात चारुता शेठकडे गेली, कमलाऐवजी हलणारी चित्रं दाखवू म्हणायला. मी सोबत होते.

"कार्टून?" शेठ हसले. "बाया काम करतीन का कार्टून पाहतीन?"

"तीन मिनिटाचं हाय, शेठ. कमलाचा हात पाहून बाया भेतात, बस. पदर अटकला त काय कराचं ते त्या हातात दिसते का? हात म्हणते काय झालं. काय कराचं ते नाई म्हणत."

शेठनी खिशातला फोन काढून पाहिला. मग म्हणाले, "ठीक हाय. पण फाइल लहान पाहिजे, सगळ्या बायायच्या फोनवर गेली पाहिजे. अन् साफ दिसली पाहिजे. दसऱ्याले सकाळी आठचा मुहूर्त हाय. नाई झालं, त मंग कमलाबाई हायेच."

त्या दिवसापासून चारुता कॉम्प्युटर घेऊन आमच्या देवघरात बसली. हौस म्हणून नाही. इन्व्हर्टरची तार त्याच खोलीत आहे. एकेक चित्र मशीन पूर्ण रंगवून बाहेर काढायचं, त्याला दहा-दहा मिनिटं लागायची. अशी चार हजारांवर चित्रं. महिनाभर ते मशीन दिवसरात्र घरघरत होतं. फार तापायचं, म्हणून तिनं त्याच्या बाजूचं झाकण काढलं आणि समोर टेबलपंखा लावला. मला म्हणाली, "वहिनी, बाकी काहीही बंद करा, हा पंखा नाई."

चित्रांत रक्त नव्हतं, तोंडही नव्हतं. एक पट्टा, एक पदर, एक हात, आणि सगळीकडे उडणारी कापसाची भुरभुर. पदर अटकतो. हात त्याच्याकडे जातो, आणि थांबतो. पदर सोडून देतो, पट्टा बंद करायचं लाल बटण दाबतो. हात थांबतो ती चित्रं अकरा. अर्ध्या सेकंदात निघून जातात.

घटस्थापनेला कमला दारात आली. "ताई, या बारीनं नाई ना दाखवा लागनार?"

"नाई लागत. बाही शिवून टाक म्हटलं तुले," चारुता म्हणाली.

कमला हसली. पण रोज यायची, दारातून मशीन चालू आहे का पाहायची आणि जायची.

अष्टमीला चित्रं संपली. आता त्यांची दाबून एक लहान फाइल करायची होती. तिनं एक चाचणीची करून फोनवर घेतली, मला दाखवली. सगळं ठीक, पण पदर अटकला तिथे नेमके चौकोन चौकोन झाले. हात आहे की कापूस, कळेना.

"असं का झालं?" मी विचारलं.

"एका फेरीत केली म्हणून. उद्या दोन फेऱ्यांत करतो. पहिल्या फेरीत मशीन काई बनवत नाई, सगळी चित्रं नुसती पाहून घेते. कुठं शांत हाय, कुठं लय हलून राह्यलं, ते टिपून ठेवते. दुसऱ्या फेरीत मंग हलते तिथं जास्त जागा देते, शांत हाय तिथं कमी."

मी म्हटलं, "म्हणजे पंगतीसारखं. वाढायच्या आधी एक चक्कर मारून पाहून घ्यायचं, कोण भुकेलं आहे ते. न पाहता वाढत गेलं की शेवटच्याला रिकामं पातेलं."

"वहिनी, तुम्ही शाळेत शिकवाले पाहिजे होतं," ती म्हणाली.

खंडेनवमीला सकाळी नऊला पहिली फेरी सुरू झाली. दहाला संपली. दुसरीला तीन तास लागणार होते. ती लावून चारुता आंघोळीला गेली. मी माळ बदलत होते. बाहेर वारा नव्हता, तरी दिवा एका बाजूला झुकत होता. आठ दिवस मी त्याला पंख्यापासून पाट आडवा लावून जपलं होतं. नवव्या दिवशी पूजेसाठी पाट काढला आणि ज्योत निळी पडली, वातीला चिकटली. अखंड दिवा नवमीला विझला तर त्या घरावर काय येतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले. मी विचार केला नाही. हात पुढे गेला आणि पंख्याचं बटण दाबलं.

ज्योत सरळ उभी राहिली. मी डोळे मिटून पाठ सुरू केला. मशीनचा आवाज वाढत गेला, तो मला ऐकू आला. पाठ अर्ध्यात सोडायचा नाही म्हणून मी उठले नाही. मग आवाज थांबला. जळकट वास आला. तो दिव्याचा नव्हता.

चारुता ओल्या केसांनी दारात उभी होती. तिनं पंख्याकडे पाहिलं, मग दिव्याकडे. मशीनला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. चार वेळा बटण दाबलं. काही नाही.

"चित्रं गेली?" मी विचारलं.

"चित्रं हायेत. डिस्कमध्ये. चालवाले मशीन पाहिजे."

ती डिस्क काढून ओढणीत गुंडाळून आम्ही बाबारावच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. आतल्या पाचही मशीनांना कुंकू लागलं होतं, झेंडू चढला होता.

"ताई, पुजल्या ना आता," बाबाराव म्हणाला. "आज हात लावत नाई. उद्या दहाले येजा."

"मुहूर्त आठचा हाय, बाबाराव."

"तुम्हीच सांगा, वहिनी," तो माझ्याकडे वळला. "पुजलेली मशीन चालवते का कोणी?"

मी खाली पाहिलं. आणखी दोन दुकानांत हेच झालं. वर्ध्याच्या ओळखीच्या दुकानदारानं फोनवर तेच सांगितलं.

दसऱ्याला आठला दहा कमी असताना आम्ही जिनिंगच्या अंगणात उभ्या होतो. शेठनी ऑफिसातला टीव्ही बाहेर आणवला होता. चारुताच्या फोनवर चाचणीची फाइल होती, तीच लागली. चौदा नव्या बाया. पट्टा दिसला, पदर दिसला. त्या हसत होत्या, एक म्हणाली, "वो माय, लुगडं कसं रंगवलं पाय." मग पदर अटकला आणि टीव्हीभर चौकोन झाले.

"काय झालं? काई दिसून नाई राह्यलं."

"कापूस उडला वाटते."

शेठनी पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा तेच.

"शेठ, दुपारपर्यंत थांबा," चारुता म्हणाली. "दहाले दुकान उघडते. साफ करून आणतो. हात जोडतो."

"मुहूर्त थांबते का, ताई?" शेठ रागावले नव्हते. माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुम्ही एवढं देवाधर्माचं करता. तुम्हीच सांगा. मुहूर्त थांबते?"

थांबतो, असं मला म्हणायचं होतं. देवाला अर्ध्या दिवसाचं काय. पण नवमीचा तोच जळकट वास अजून नाकात होता. "थांबतो," मी शेवटी म्हणाले, पण तोवर फाटकावरच्या स्टुलावरून कमला उठली होती. कुणी हाक मारली नव्हती. ती रांगेपुढे येऊन उभी राहिली आणि डाव्या हातानं बाही वर केली.

बायांचं हसणं थांबलं. दोघींनी तोंडावर पदर घेतला. सगळ्या त्या हाताकडे पाहत होत्या. हात काहीच सांगत नव्हता.

चारुता मोठ्यानं बोलत होती, "बायायनो, पदर ओढू नका, सोडून द्या, लाल बटण..." आणि भोंगा वाजला. तिचे ओठ हलताना दिसत होते. आत नारळ फुटला, पट्टे फिरायला लागले, दारातून कापसाची पहिली भुरभुर बाहेर आली. चौदाजणी आत गेल्या. मागून मी त्यांचे पदर पाहत होते. तिघींनी कमरेला खोचले होते. बाकीचे सुटे होते.