खाडीपलीकडचा पांढरा घुमट

खाडीकाठच्या आमच्या करावे गावात वडील जाळं टाकायची जागा नजरेनंच धरत. खाडीपलीकडच्या अणुभट्टीचा पांढरा घुमट मागच्या डोंगराच्या टोकाखाली आला, की होडी थांबायची. मला तो घुमट आमचाच वाटायचा.

ऐंशी सालच्या सुमारास गुरुजींनी वर्गात बड्या देशांच्या अणुबॉम्बविषयी सांगितलं. युद्ध पेटलं तर आधी अशा भट्ट्यांवरच बॉम्ब पडतील, हे त्यांनी पाऊसपाणी सांगावं तसं सांगितलं. घरी येऊन मी वडिलांना विचारलं, इतक्या लांबून त्यांना आपला घुमट सापडेल कसा?

वडील फाटकं जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "आपल्याला सापडतो ना? त्यांनी पन तीच निशानी धरली असंल."

दुसऱ्या दिवशी होडी तिथंच थांबली. जाळं सोडताना मी पहिल्यांदाच घुमटाकडे पाठ केली.