गुरुवारचे दोन तास

बाळीवेशीतल्या कुठल्याही सासूला सुनेला टोमणा मारायचा असला की एक नाव पुरायचं, पार्वतम्मा. 'जरा त्या पार्वतम्माकडे बघ' एवढं म्हटलं की सुनेची मान खाली. त्यामुळं गल्लीतल्या निम्म्या सुना पार्वतम्माला पाण्यात पाहायच्या, आणि यात त्या बिचारीचा काडीचाही दोष नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळात तिची सासू निंगव्वा एके सकाळी न्हाणीत कोसळली, ती पुन्हा पायावर उभी राहिली नाही. डावं अंग लुळं पडलं. वाचा शाबूत राहिली, उलट पूर्वीपेक्षा धारदार झाली. तेव्हापासून चार वर्षं पार्वतम्मानं उंबरा ओलांडला तो नळासाठी, दळणासाठी आणि धाकट्या मुलीच्या लग्नात अक्षता पडेपर्यंत. सासूला उठवणं, बसवणं, भांडं देणं, अंग पुसणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून घटकाघटकाला कूस बदलणं, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. नवरा मल्लिकार्जुन नवी पेठेत कापडाच्या दुकानात कामाला होता. सकाळी जायचा, दिवेलागणीनंतर यायचा, दारातूनच आईला बरं हाय का विचारायचा आणि हात धुऊन ताटावर बसायचा. माणूस वाईट नव्हता. आईच्या अंगाला हात लावायचा त्याला संकोच वाटायचा, आणि तो संकोच मोडायची वेळ त्याच्यावर कुणी आणलीच नव्हती.

सगळ्यांत नाजूक काम होतं पूजेचं. घर लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवून पूजा केल्याशिवाय निंगव्वा पाण्याचा घोटही घेत नसे, आणि गेला होता तो नेमका डावा हात. मग पार्वतम्मा रोज सकाळी त्या हाताची आखडलेली बोटं एकेक करून उलगडायची, खालून आपला तळवा लावून तो हात तोलून धरायची. म्हातारी उजव्या हातानं विभूती लावायची, बेलाचं पान वाहायची आणि डोळे मिटून बसायची. पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास. पार्वतम्माचा हात भरून यायचा, पण हलायचा नाही. थोरली मुलगी इंडीहून नाहीतर धाकटी वैरागहून माहेरपणाला आली की म्हणायची, आई, चार दिवस मी करते, तू पड जरा. पार्वतम्मा ऐकायची नाही. सासूला ती अव्वा म्हणायची; अव्वांना दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही, असं तिचं म्हणणं. हे ती इतक्या वेळा म्हणाली होती की खुद्द अव्वांना कुणी कधी विचारलंच नाही.

आणि या सगळ्यात तिचे डोळे जात चालले होते.

आधी दिव्याभोवती कडं दिसायला लागलं, मग सगळ्यावर धुराचा पडदा आला. नळ-दळणाखेरीज एकदाच ती नवऱ्याबरोबर दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा तर पिकला आहे. ऑपरेशन करावं लागेल. आठवडाभर डोळे बांधून उताणं पडायचं, पुढं दीड महिना वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. लांबणीवर टाकाल तर डोळा हातचा जाईल, असंही बजावलं. पार्वतम्मानं मान डोलावली, बाहेर आली आणि नवऱ्याला सांगितलं की डोळ्यात घालायला थेंब दिलेत. त्यानंही मागं काही विचारलं नाही.

मग ती हातांनी बघायला शिकली. चुलीपासून बाजेपर्यंत सात पावलं, बाजेपासून न्हाणीपर्यंत अकरा. तांदळातले खडे बोटांनी, भाकरी भाजल्याचं वासानं. दीड वर्ष तिनं असं निभावलं आणि गल्लीत कुणाला पत्ता लागू दिला नाही. दिवसा कामात विसरायला व्हायचं. पण मधेच हातातलं काम थांबायचं. घरात दोन बाजा पडल्या तर दोघींना पाणी कोण देणार?

अशा घरात पद्मजाबाई आल्या. शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या, अंगानं किडकिडीत आणि बोलायला सडेतोड. त्यांचे यजमान सात वर्षं अंथरुणाला खिळून गेले होते. त्या सात वर्षांत आजाऱ्याला बघायला माणसांची रीघ लागली. येणारा खुर्चीत बसायचा, चहा प्यायचा, काळजी घ्या म्हणायचा आणि जायचा. तुम्ही जरा बाहेर जाऊन या, तोवर मी बसते, असं त्यांना एकीनंही म्हटलं नव्हतं. यजमानांचं वर्षश्राद्ध उरकल्यावर पद्मजाबाईंनी पेठेतल्या महिला मंडळात हा विषय काढला. मंडळाची मजल तोवर हळदीकुंकू आणि कुरडयांपलीकडं गेली नव्हती. तरी आठ बायका तयार झाल्या. ज्या घरात कुणी अंथरुणाला खिळलं आहे तिथं आठवड्यातून एकदा दोन तास जाऊन बसायचं, करणाऱ्या बाईनं तेवढ्यात हवं तिथं जावं, आणि कुठं जाता ते तिला विचारायचं नाही, असं ठरलं. पार्वतम्माच्या वाट्याला गुरुवार आला.

पहिल्या गुरुवारी पार्वतम्मा पहाटेपासून राबत होती. मास्तरीणबाई यायच्या म्हणून तिनं घर सारवून घेतलं, बाजेवरची चादर बदलली, खायला चुरमुऱ्यांचा सुशीला केला. पद्मजाबाई म्हणाल्या, जा आता बाहेर. पार्वतम्मा म्हणाली, पाहुण्यांना एकटं टाकून कसं जायचं? आणि दोन तास त्यांच्यासमोर पदर सावरून बसून राहिली. दुसऱ्या गुरुवारी शेंगापोळ्या झाल्या. बाई निघून गेल्यावर भांडी घासायला आणखी एक तास लागला. पद्मजाबाईंनी मंडळात जाऊन सांगितलं की त्या घरात आधी एकीचं करावं लागत होतं, आता आपल्या कृपेनं दोघींचं करावं लागतं.

तिसऱ्या गुरुवारी त्या ठरवूनच आल्या. खाणार काही नाही, असं उंबऱ्यातच जाहीर केलं. निदान चहा तरी घ्या म्हणून पार्वतम्मा चुलीपाशी गेली. पद्मजाबाई बाजेशेजारी बसल्या होत्या, तिथून चूल सरळ दिसत होती. पार्वतम्मानं कपाच्या कडेवरून आत बोट सोडलं आणि वरून चहा ओतला. उकळता चहा बोटाला लागला तशी ती थांबली. बोट पदराला पुसलं. मग दुसरा कप घेतला आणि पुन्हा तेच बोट आत.

फळा न दिसणारी पोरं तीस वर्षं हुडकलेली बाई ती. त्यांनी उठून पार्वतम्माचा हात हातात घेतला. बोटाचं टोक भाजून भाजून पांढरं पडलं होतं.

"पार्वतम्मा, माझ्या साडीचा रंग सांगा बरं."

पार्वतम्मानं साडीच्या दिशेनं मान वळवली. "चांगलाय की," ती म्हणाली.

पद्मजाबाई काही बोलायच्या आत बाजेवरून आवाज आला.

"बाई, तिला दिसत न्हाय. दीड वर्स झालं, मी हितं पडून बगतीया."

अव्वा, काहीतरीच काय, असं पार्वतम्मा पुटपुटली, पण म्हातारी थांबायला तयार नव्हती. सून पावलं मोजत चालते हे तिला ठाऊक होतं. थेंब दिले म्हणाली, पण घरात थेंबाची बाटली कधी आली नाही हेही ठाऊक होतं. चार वर्षं दुसरा उद्योग नसलेल्या माणसाच्या नजरेतून घरात काय सुटणार?

"मला भ्या वाटलं," निंगव्वा म्हणाली. "ही दवाखान्यात पडली तर माझा हात कोन धरंल? म्हनून गप ऱ्हायले. हिचं डोळं मी खाल्लं, बाई."

पार्वतम्माला आधी संताप आला. चार वर्षांत पहिल्यांदा. सगळं माहीत असून ही बाई रोज सकाळी आपला हात पुढं करत होती. मग तिच्या ध्यानात आलं की आपण जे लपवत होतो तेच ही लपवत होती, आणि दोघींना भीतीही एकच होती. ती तिथंच जमिनीवर बसली आणि लहान पोरासारखी हमसून हमसून रडली. पद्मजाबाईंनी तिला रडू दिलं. रडून झाल्यावर तिला इतकं मोकळं वाटलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

पुढचं सगळं पद्मजाबाईंनी शाळेचं वेळापत्रक लावावं तसं लावलं. माघ महिन्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. सकाळी मंडळातली बाळाबाई, कारण ती अंगापिंडानं दणकट आणि म्हातारीला एका हातानं उचलेल अशी. दुपारी मंडळातली आणखी कुणी, संध्याकाळी त्या स्वतः. दवाखान्यात उशाशी थोरली मुलगी. राहता राहिली पूजा. आम्ही कुणी तुमच्या धर्मातल्या नाही, आमचा हात चालेल का, असं त्यांनी जरा चाचरतच विचारलं. निंगव्वानं त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू हे विचारायची काय गरज होती.

"लिंग माझं, हात माझा. खालनं टेकू कुनाचा बी चालतोय. पर पयला माझ्या पोराला इचारा."

मल्लिकार्जुनाला विचारलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला. दुसऱ्या दिवशी मात्र पहाटे अंघोळ करून तो आईच्या बाजेपाशी येऊन बसला. त्याला तो हात नीट तोलता येईना, बेलाचं पान दोनदा खाली पडलं. एरवी एवढ्यावरून घर डोक्यावर घेणाऱ्या म्हातारीनं त्या दिवशी तिसऱ्यांदा पान वाहिलं.

दवाखान्यात डोळे बांधून पार्वतम्मा उताणी पडली आणि पहिले दोन दिवस तिनं फक्त झोप काढली. इतकी की नर्सनं दोनदा येऊन नाडी बघितली. तिसऱ्या दिवशी पद्मजाबाई घरची खबर घेऊन आल्या. अव्वांनी दीड भाकरी खाल्ली, बाळाबाई गावाकडच्या गमती सांगते आणि अव्वा हसून हसून बेजार होतात, असं त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं. पार्वतम्माच्या जिवाला ते लागलं. तिच्या हातची त्यांनी कधी एकाच्या वर भाकरी खाल्ली नव्हती. हसणं तर लांबच. आपल्यावाचून इतकं छान चाललंय म्हटल्यावर आपण चार वर्षं केलं तरी काय, असं वाटून तिला उशीत तोंड खुपसावंसं वाटलं, पण मान हलवायची बंदी होती.

म्हणून ती तशीच पडून राहिली. पडल्या पडल्या तो सल हळूहळू विरघळला. आपल्यावाचून चालतं याचा अर्थ आपण आजारी पडू शकतो. पडू शकतो, झोपू शकतो, उद्या मेलोच तरी म्हातारी उपाशी राहणार नाही. डोक्यावरचा भरला हंडा कुणीतरी दोन्ही हातांनी उतरवून घ्यावा तसं तिला वाटलं. थोरलीनं विचारलं, आई, दुखतंय का, हसतेस का? दुखत नाही, एवढंच ती म्हणाली.

आठवड्यानं पट्टी सुटून ती घरी आली, पण चष्म्याविना सगळं अजून पुसटच होतं. दीड महिन्यानं डॉक्टरांनी नंबर काढून दिला. नवी पेठेत जाड भिंगांचा चष्मा झाला आणि तो लावून पार्वतम्मा नवऱ्याबरोबर घरी आली. आत येऊन ती बाजेपाशी उभी राहिली. हा चेहरा ती रोज ओल्या फडक्यानं पुसत होती. त्याची एकूण एक सुरकुती तिच्या बोटांना पाठ होती. पण तो इतका म्हातारा झालाय आणि भुवया सगळ्या पांढऱ्या झाल्यात, हे तिला आज कळलं. तिला भरून आलं. चष्म्याआडून पाणी काढायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून तिनं ते कसंबसं मागं लोटलं.

निंगव्वा तिच्याकडं बघत होती आणि काहीतरी बोलायची जुळवाजुळव करत होती. दुसराही डोळा करावा लागणार, हे पद्मजाबाईंनी तिला सांगून ठेवलं होतं. सुनेला पुन्हा जा म्हणायचं तर ती ऐकायची नाही, म्हणून म्हातारीनं दोन दिवस मनात घोकून ठेवलं होतं. आता तिनं घसा खाकरला, हवापाण्यावरून सुरुवात केली, ऊन फार झालं म्हणाली, मग दिवाळीवर आली. दिवाळी सरली की थंडी पडते, डोळ्याला थंडी मानवते म्हणतात, असं घोटाळत घोटाळत ती त्या विषयाच्या जवळपास पोचली.

पार्वतम्मानं तिला पुढं जाऊच दिलं नाही.

"तारीख घिऊनच आलीया, अव्वा. कुनाला इचारलं बी न्हाय."

दारात चपला काढणारा मल्लिकार्जुन एक चप्पल पायात तशीच ठेवून थांबला. दवाखान्यात तो तिच्या शेजारीच तर उभा होता; तारीख ठरवताना तिनं त्याच्याकडं बघितलंही नव्हतं, हे त्याला आत्ता उमगलं. निंगव्वानं उजव्या हातानं बाजेची कड थोपटली आणि तिला जवळ बसवून घेतलं.

"बरं केलंस," ती म्हणाली.