फायनलचा छत्तिसावा फोटो

आमच्या भागात कॅमेरा दिसला की माणूस थांबतो. हसत असला तर हसणं बंद करतो, बोलत असला तर तोंड मिटतो, हात दोन्ही बाजूंना सरळ सोडतो आणि पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखा समोर बघतो. ही सवय आभाळातून पडली नाही. ती मी लावली, माझ्या आधी माझ्या उस्तादानं लावली. दिग्रसमध्ये माझा फोटो स्टुडिओ. लग्न, साखरपुडा, बारसं, सुंता, शाळेचं गॅदरिंग, सगळीकडे मी एकच ओरडायचो : थांबा! इकडे पाहा! नवरदेव वरमाला अर्ध्यावर धरून थांबायचा. हात भरून यायचे बिचाऱ्याचे, पण मी क्लिक केल्याशिवाय हलायची हिंमत नाही. भटजीसुद्धा मंत्र तोडून माझ्याकडे बघायचा. मला वाटायचं, वा, काय वचक आहे आपला!

या वचकानंच पुढे माझी शोभा केली.

कापसाची वर्षं फार वाईट चालली होती तेव्हा. खरेदी केंद्रावर बैलगाड्यांची रांग चार-चार दिवस हलायची नाही, आणि गावातल्या सरकी काढायच्या जिनिंग मिल अर्ध्या हंगामात बंद पडायच्या. अशाच एका बंद पडलेल्या जिनिंगमधला फिटर एका दुपारी माझ्या दुकानात आला. हा आमच्या गावच्या टीमचा गोलकीपर. गावात सगळे त्याला गोलीच म्हणायचे. बारा वर्षं तो गोलात उभा होता आणि त्याच्या दोन बोटांची हाडं वाकडी जुळली होती. पंजे असे, की माझ्या काउंटरवर ठेवले तर अर्धा काउंटर झाकून जायचा.

"भाऊ, फायनलचे फोटो तुम्हीच काढून राह्यले ना?"

"हाव. क्रीडा मंडळानं सांगितलं."

"माहा एक फोटो पायजे. उभा नाही. हवेतला."

मी विचारलं, हवेतला कायले? तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. फायनल रविवारी होती आणि पुढच्या गुरुवारी तो सौदीला निघणार होता, एका गॅरेजमध्ये. दोन वर्षांचा करार होता. घरी फक्त अम्मी. तिनं त्याचा एक सामना कधी पाहिला नव्हता. तिच्या हिशेबानं फुटबॉल म्हणजे कपडे फाडणं आणि बोटं मोडून घेणं. "जायच्या आधी तिले दाखवतो, मी एवढे वर्ष काय करून राह्यलो होतो ते. भिंतीवर लावून जातो," तो म्हणाला.

"बारा वर्षांत एक फोटो नाही तुझा?"

"कसा राहील? फोटोवाले सारे समोरच्या गोलाकडे बसते. गोल तिकडे होते ना. आमच्याकडे झाला तं तो फोटो कोण घेते?"

खरं होतं. मीही तसाच बसत आलो होतो. मला लाज वाटली आणि मी छातीवर हात मारून म्हणालो, "तुझा हवेतला फोटो माझ्याकडे लागला. तू फक्त उडी मार."

रविवारी मी मैदानावर गेलो तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांनी माझ्या हातात एक कागद ठेवला. त्यावर अकरा पाहुण्यांची नावं. अकरा! खेळाडू एका बाजूला अकरा, तर पाहुणेही अकरा. प्रत्येकाचा सत्कार व्हायचा होता, शाल, श्रीफळ आणि हार, आणि प्रत्येकाचा फोटो पाहिजे.

"अध्यक्षसाहेब, रोल एक आहे. छत्तीस फोटो. सामन्याचे किती काढू?"

"सामन्याचे काढा ना दोन-चार. तो कप दिसला पायजे म्हणजे झालं."

आता काय बोलायचं या माणसाला? दुसरा रोल सकाळच्या साखरपुड्यानं खाल्ला होता. दुकानात जाऊन आणावा तर तेवढ्यात सत्कार सुरू झाले, आणि मी हललो की माइकवरून आवाज, "फोटोग्राफर कुठे गेले? फोटोग्राफरांनी स्टेजजवळ यावं." बाप्पा! मी स्टेजजवळ. पाहुणा शाल घेतो, हार घेतो आणि हार गळ्यात अर्धा असतानाच थांबून माझ्याकडे बघतो. एकानं तर डोळे मिटले म्हणून फोटो परत काढायला लावला. शाल काढली, घडी केली आणि पुन्हा सत्कार केला. मी दात खाऊन क्लिक केलं.

नंतर पाहुणे खेळाडूंशी हात मिळवायला मैदानात गेले. त्यानंतर उद्घाटनाची किक. प्रमुख पाहुण्यांनी बॉलला लाथ मारली, बॉल तिथेच राहिला आणि चप्पल समोरच्या, पुसदच्या टीमच्या पायाशी जाऊन पडली. परत किक, परत फोटो. शिट्टी वाजली तेव्हा माझ्या कॅमेऱ्यात अकराच फोटो उरले होते आणि ऊन कलायला लागलं होतं.

गोलातून गोलीनं मला हात वर करून विचारलं, किती? मी दोन्ही पंजे दाखवले आणि वर एक बोट. तो हसला. मी त्याच्याच गोलाजवळ, खांबापासून चार हातांवर, रेषेबाहेर मांडी घालून बसलो. समोर पूर्ण टचलाइनला कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. रांग खरेदी केंद्राची, पण हलत नव्हती, म्हणून गाडीवाले कापसाच्या ढिगावर पाय सोडून बसले होते आणि फुकटात सामना पाहून राह्यले होते. कापूस उडून गवतभर झाला होता. गर्दी अशी, की बाहेर गेलेला बॉल सापडायला वेळ लागायचा.

पहिल्या हाफमध्ये बॉल आमच्याकडे फारसा आलाच नाही. आला तेव्हा कधी मंडळाचा बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक माझ्यासमोर येऊन उभा राहायचा. "भाऊ, बाजूला व्हा ना!" म्हटलं तर तो वळून कॅमेऱ्याकडे बघायचा आणि हात सरळ सोडायचा. माझ्या डोक्यात तिडीक जायची. तीन फोटो त्याच्या पाठीवर गेले.

हाफटाइमला वाटलं, आता श्वास घेऊ. तेवढ्यात जीपमधून बारावे पाहुणे उतरले. उशिरा आले म्हणून त्यांचा सत्कार सर्वांत मोठा. पाच फोटो! मी अध्यक्षांना म्हणालो, "साहेब, मंगलाष्टकंच म्हणून टाका आता." त्यांना राग आला नाही. त्यांना वाटलं मी सूचना केली.

दुसऱ्या हाफला बाजू बदलल्या. मी पिशवी उचलून गोलीच्या मागोमाग समोरच्या टोकाला पळत गेलो आणि तसाच त्याच्या खांबाजवळ बसलो. तीन फोटो उरले होते. त्यानं दुरून विचारलं, मी तीन बोटं दाखवली. त्याचं तोंड जरा उतरलं, पण मान हलवली. आणि मग तो जे खेळला, ते मी अजून विसरलो नाही. एक बॉल त्यानं आडवा होऊन बोटांच्या टोकांनी वर काढला. मी क्लिक केलं, पण अंधारून आलं होतं आणि नेमका फ्लॅश चार्ज नव्हता. सगळं काळं. दुसरा बॉल त्यानं उडी मारून छातीशी धरला, तेव्हा मी क्लिक केलं तर मध्ये आमच्याच बॅकचं डोकं. उरला एक. अरे देवा, छत्तिसातला एक! मी कॅमेऱ्यावर हात ठेवून बसलो, डोळ्याला लावलासुद्धा नाही. म्हटलं, खात्रीचा असेल तरच.

सामना शून्य-शून्य. शेवटची काही मिनिटं राहिली असतील, तेव्हा आमच्या बॅकनं पुसदच्या पोराला गोलासमोरच्या पेटीत पाडलं. पेनल्टी.

गाडीवाले कापसावर उभे राहिले. गोलीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी एक बोट दाखवलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, हाच. उडी मारणार हे नक्की, जागा माहीत, वेळ माहीत. याच्यापेक्षा सोपा फोटो माझ्या आयुष्यात पुन्हा येणार नव्हता. मी आडवा पडलो, कॅमेरा लावला आणि फोकस करायला गेलो.

आणि तो हलून राह्यला होता. एका पायावरून दुसऱ्या पायावर, हात पसरून, इकडून तिकडे. पेनल्टीला गोली हलणारच, नाही तं काय पुतळ्यासारखा उभा राहील? पण माझा फोकस लागेना. चेहरा साफ व्हायचा की सरकायचा. समोरून पुसदचा पोरगा धावत निघाला. आणि वीस वर्षांचं लग्नकाम माझ्या तोंडातून आपोआप बाहेर पडलं.

"थांब! इकडे पाहा!"

तो थांबला.

खरंच थांबला हो! दोन्ही हात सरळ सोडले, मान माझ्याकडे वळवली आणि हनुवटी जराशी वर केली, मी शिकवली तशी. फ्लॅश उडाला. त्याच्या खांद्यामागून बॉल जाळीत गेला.

पुढचं काय सांगू! आमचे पोट्टे रेफरीवर धावून गेले, पेनल्टी परत घ्या म्हणून. रेफरी शांतपणे म्हणाला, "फोटोग्राफर कोणाचा? तुमच्याच मंडळाचा ना?" विषय संपला. एक-शून्य. कप पुसदला गेला आणि कपाचा फोटो काढायला रोल नव्हता, म्हणून अध्यक्ष माझ्यावर वेगळे ओरडले. गर्दी माझ्याकडे यायला लागली तेव्हा गोलीच मध्ये उभा राहिला. मला वाटलं, हा आता पंजा उचलणार. उचलला असता तर बरं झालं असतं. त्यानं वाकून मला फक्त एवढंच विचारलं, "आला का?"

मी मान खाली घातली.

रोल धुवायला यवतमाळला एसटीनं जायचा. परत आला तेव्हा गोली सौदीला जाऊन दोन दिवस झाले होते. पाकीट उघडून मी खालचा शेवटचा फोटो काढला आणि कपाळावर हात मारला. काय फोटो होता! वीस वर्षांत एवढा साफ फोटो मी काढला नव्हता. भुवईचा घाव दिसत होता. ओठांवर हसू फुटतच होतं. आणि मागे जाळी फुगलेली, बॉल आत. भिंतीवर हा लावायचा? त्याच्या हरण्याचा? मी तो पाकिटात घालून खणाच्या तळाशी टाकला.

इकडे गावानं मला सोडलं नाही. चहाला गेलो की मागून कोणी तरी ओरडणार, "थांब! इकडे पाहा!" लग्नात मी तोंड उघडायच्या आधी वऱ्हाडीच ओरडायचे. मी चिडायचो आणि चिडलो की ते आणखी ओरडायचे. शेवटी मी बोलायचंच सोडलं, नुसते हातवारे करायचो.

आणि त्याची अम्मी यायला लागली. मी तिला चाची म्हणायचो. पहिल्यांदा आली तेव्हा मी सांगितलं, लॅबवाल्यानं रोल खराब केला. दुसऱ्यांदा सांगितलं, अजून आला नाही. दोन्ही थापा एकमेकींत बसत नव्हत्या, हे मला ती गेल्यावर कळलं. तिसऱ्यांदा ती आली आणि फोटो काढायच्या स्टुलावर बसली. बुरख्याचा पडदा मागे टाकला, पिशवी मांडीवर घेतली आणि हललीच नाही.

"बाबू, तो फोनवर दर टायमाले विचारते. अम्मी, फोटो भेटला का? एसटीडीवाल्यासमोर मी काय सांगू? काहून देत नाही तू?"

"चाची, फोटो बरोबर नाही आला."

"दाखव तं."

मी खण उघडला. फोटो तिच्या हातात दिला आणि दुसरीकडे बघायला लागलो. तिनं बोटानं त्याची भुवई पुसल्यासारखी केली.

मला राहवेना. म्हणालो, "हा मागचा बॉल आहे ना, तो मी कापून टाकतो. नुसता चेहरा मोठा करून देतो, चांगला दिसेल."

"कायले? राहू दे."

"चाची, तो गोल झाला तेव्हाचा फोटो आहे. माझ्यामुळे झाला. मी ओरडलो, थांब म्हणून..."

"मले मालूम हाय. सारं गाव येऊन सांगून गेलं मले." तिनं फोटोवरची नजर काढली नाही. "त्याच्या जाण्याच्या आधी मी रोज म्हणत होती त्याले, नको जाऊ, थांब. हात धरला मी त्याचा दरवाज्यात. नाही थांबला. तुह्या एका बोलण्यावर थांबला, बाबू."

ज्या शब्दावरून सगळं गाव मला चिडवत होतं, तोच तिनं रोज म्हटला होता आणि त्याचा उपयोग झाला नव्हता. मी उठलो आणि भिंतीवरच्या शोच्या फोटोंतला एका नवरानवरीचा मोठा फोटो खाली उतरवला. त्यांचा फोटो काढून ठेवला, काच पुसली आणि त्या फ्रेममध्ये हा बसवून तिला दिला. तो फ्रेमला लहान पडत होता. चारी बाजूंनी पांढरा पुठ्ठा दिसत होता. तिला चालला.

दारापर्यंत गेली आणि वळली. "मंग आता फोनवर काय सांगू त्याले?"

"सांगा," मी म्हणालो, "आला म्हणून."