डब्यातल्या टोमॅटोचं सार

गेल्या गणपतीत माझी नणंद अमेरिकेहून आली ती टोमॅटो घेऊन. पत्र्याच्या डब्यातले, सोललेले, चिरलेले आणि वर त्यातच हिरव्या मिरच्या. आमचं घर लालबागला. खिडकी उघडली की खालच्या मसाला कांडपाने ठसका लागतो. अशा ठिकाणी सातासमुद्रापलीकडून मिरच्या आणायला धाडस लागतं, आणि नणंदेकडे ते भरपूर आहे. "वहिनी, चिरायचा त्रासच नाही," ती म्हणाली. वर्षातून पंधरा दिवस येणाऱ्या माणसाला आमच्या त्रासाची भारी काळजी.

हसले मी, आणि भुललेही मीच. नैवेद्याच्या सकाळी रस्ता माणसांनी गच्च, भाजीवाल्यापर्यंत पोचणार कोण? साराला टोमॅटो तर हवेतच. डबा नैवेद्याला चालतो का, हा प्रश्न नणंदेने एका दमात निकाली काढला. "मशीनच सगळं करतं, माणसाचा हातही लागत नाही. याहून सोवळं काय असणार?" एवढं ऐकल्यावर बाप्पाची काय बिशाद नाही म्हणायची!

सार खरं तर सासूबाईंचं. पण दोन वर्षांपासून त्यांचा हात मिठाला सैल झाला होता. एकदा आमटी खारट झाली, एकदा वालाची उसळ. मग मी गोड बोलून त्यांना ओट्यापासून उठवलं आणि दूर्वा निवडायला बसवलं. वर आल्यागेल्याला रंगवून सांगायची, मिठागरं बघायला वडाळ्याला कशाला जाता, आमच्याच घरी या. लोक हसायचे. मला फार आवडायचं ते.

त्या दिवशीही दूर्वांची जुडी बांधता बांधता त्या म्हणाल्या, "त्या डब्यात मीठ असता काय गो? वाचून बघ जरा."

"आई, टोमॅटोत कोण मीठ घालून ठेवतं?" मी म्हटलं. इंग्रजी मला येतं, त्यांना येत नाही. डबा मात्र मी वाचला नाही. त्यावरचं चित्र पाहिलं आणि नेहमीच्या अंदाजाने मीठ टाकलं. नैवेद्य दाखवण्याआधी आमच्याकडे काही चाखत नाहीत, त्यामुळे चूक कळायला पानं वाढावी लागली.

नणंदेने पहिला भुरका घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"आई! तू परत हात लावलास ना?"

अख्खी पंगत सासूबाईंकडे बघायला लागली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, बोलते की नाही एवढंच बघायला. मी खाली मान घालून मोदकावर तूप ओतत राहिले.

"होय गो," त्या म्हणाल्या. "वायच टाकलंय मी."

त्या पातेल्याच्या आसपासही गेल्या नव्हत्या, हे मला माहीत होतं. लाज वाटली, चांगलीच वाटली. पण बोलायला हवं तेव्हा माझं हे चुरूचुरू चालणारं तोंड उघडलं नाही. उलट कुणीतरी मिठागराचा माझाच विनोद मला ऐकवला, तेव्हा मी हसलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी नणंदेने मिठाची बरणी उचलून सर्वांत वरच्या फळीवर ठेवली, आईचा हात पोचू नये म्हणून. ती चढली होती ते स्टूल मी धरलं होतं.