मोसंबीचं पांढरं

इकडं ये, अशी जवळ बस. आणि ती सुरी आधी खाली ठेव. अगं पोरी, मोसंबी अशी सोलतात व्हय? पिवळी साल गेली म्हणजे झालं असं नसतं. आतलं पांढरं खरवडायचं, फोडी मोकळ्या करायच्या, बिया काढायच्या, मगच ज्यूसरमध्ये घालायचं. या पांढऱ्याच्या जोरावर मी माझ्या थोरल्या जावेवर सूड उगवलाय. सोल तू, मी सांगते.

तेव्हा आम्ही उस्मानपुऱ्यात राहायचो. खाली थोरली जाऊ, वर आम्ही. मला कावीळ झाली, लई जबर. माझा भाऊ माहेरून, पाचोडहून आला तो खांद्यावर मोसंबीचं पोतं आणि काखेत ज्यूसरचं खोकं घेऊन. "रोज ताजा रस घे, ताई," म्हणाला. आमच्या गल्लीत तोवर कुणाकडं ज्यूसर नव्हता. नुसती घरघर ऐकायला बाया जिन्यात जमायच्या.

जावेला ते सोसलं नाय. आठवडा झाला नसेल, वर आली. "धाकटे, दोन दिवस देतेस का गं?" थोरल्या जावेला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नव्हती. दिला. मग मागायला गेलं की म्हणायची, "पळून चाललाय का तो? घरातल्या घरात तर आहे!"

आणि मी वर हातानं मोसंबी पिळत बसायची. बोटांत जीव नव्हता गं. अर्धा पेला रस निघेस्तोवर डोळ्यांपुढं अंधारी यायची, नि खालून माझ्याच ज्यूसरची घरघर ऐकू यायची. दात खात ऐकायची मी. मनात म्हणायची, एकदा बरी होऊ दे मला.

झाले बरी. चैत्राचं हळदीकुंकू आलं. जावेनं सगळ्या गल्लीला बोलावलं आणि यंदा पन्ह्याऐवजी मोसंबीचा रस म्हणून सांगून टाकलं. सकाळीच मला हाक, "धाकटे, सोलायला ये!"

मी म्हटलं, "अक्का, बाया संध्याकाळी येणार. रस ऐन वेळी काढू या ना."

"बायांसमोर घरघर लावून घामाघूम होऊ? आत्ताच काढ, गार होऊ दे. आणि ते पांढरं खरवडत बसू नको. निम्मं फळ वाया घालवतेस."

मला आणखी काय पाहिजे होतं? पांढऱ्यासकट, बियांसकट काढलेला रस दुपारभर ठेवला की कडूजहर होतो, हे मला ठाऊक होतं. ती काढल्या काढल्या पिणारी, तिला कुठलं ठाऊक! "तुम्ही म्हणाल तसं," म्हटलं. ज्यूसरची जाळी हातात घेतली तर तिच्यात कधीचा चोथा वाळून दगड झालेला. माझ्या भावानं आणलेली वस्तू! उरलीसुरली दया तिथंच संपली. मग मोसंब्या इतकं मन लावून सोलल्या की पांढरं जरासुद्धा निघू दिलं नाय.

संध्याकाळी पेले फिरले. समोरच्या घरातल्या मुसलमान मावशीनं, आमच्या खालानं, घोट घेतला नि पदर तोंडाला लावला. "क्या बाजी, मोसंबी बोलके नीम पिलाये क्या?" बाया खदाखदा हसल्या.

जाऊ लालबुंद. "मी काय करू? या ज्यूसरलाच खोट आहे!"

मी उठले, पदर खोचला. "असं व्हय, अक्का? मग खोटीची वस्तू तुमच्या घरात कशाला?" सगळ्यांदेखत ज्यूसर उचलला आणि जिना चढले. वर मोसंब्या राखून ठेवलेल्याच होत्या, नीट सोललेल्या. खालाला हाक मारली, तिच्यामागं सगळी गल्ली वर आली. ताजा रस हातोहात दिला. "ये है मोसंबी!" खाला इतक्या मोठ्यानं म्हणाली की खालपर्यंत गेलं. खाली जाऊ कुंकवाचा करंडा घेऊन एकटी बसलेली. काय गार वाटलं गं मला!

लोक म्हणतात, म्हातारपणी माफ करून टाकावं. कशाला? आता ती काठी टेकत येते. मी पाया पडते, पाठीला उशी देते, आलं घालून चहा करते. ज्यूसर समोर ओट्यावरच असतो. ती बघते, मी बघते. रस आजवर दिला नाय, देणारबी नाय.

घे, हा पेला लगेच पी. आणि आता गेलीस की वर्षभर गायब होऊ नको. भाऊ नवी मोसंबी पाठवतोय. ती संपायच्या आत ये बाई, माझ्यासाठी ये.